पाणी आमच्या नळावर तपासा, केंद्रावर नको

प्रति,
ग्राहक सेवा विभाग व पाणी तपासणी विभाग,
पाणीपुरवठा कंपनी

विषय : गढूळ पाण्याची तक्रार परस्पर बंद केल्याबाबत व नळावर फेरतपासणी करून मिळण्याबाबत

महोदय,

गेले तीन आठवडे आमच्या गल्लीत पहाटे पाणी सुटले की पहिली दहा-बारा मिनिटे ते पिवळसर येते आणि त्याला गटाराचा वास असतो. पांढऱ्या बादलीत तासभर ठेवले तर तळाशी काळपट गाळ बसतो. बोट फिरवले की बोटाला लागतो. त्यानंतर नितळ पाणी येऊ लागते.

याबद्दल मी दोनदा लेखी तक्रार केली. दुसऱ्या तक्रारीनंतर मोबाइलवर 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा संदेश आला आणि सोबत एक अहवाल. तो जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा होता. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण आम्ही केंद्रावर जाऊन पाणी पीत नाही. केंद्र आणि माझा नळ यांच्यामध्ये जमिनीखालून आलेली लांबलचक वाहिनी आहे. पुरवठा रोज बंद होतो, वाहिनीतला दाब उतरतो, आणि जिथे गळती किंवा कच्चा जोड असेल तिथून आजूबाजूच्या मातीतले सांडपाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी चावी सोडली की तेच पाणी सर्वांत आधी आमच्या घरात येते. पहिली दहा मिनिटे घाण आणि मग स्वच्छ, यावरून मला तरी हेच दिसते. त्यातून आमची गल्ली वाहिनीच्या अगदी टोकाला. क्लोरीन वाटेतच खर्ची पडत असणार.

तुमचा माणूस नमुना घ्यायला आला होता, पण सकाळी अकरा वाजता. वागायला सभ्य होता, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. त्याने पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली नळाखाली विसळली, भरली आणि उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या डिकीत ठेवली. जिवाणू तपासायचे तर बाटली निर्जंतुक लागते, आणि पाण्यातला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहू नये म्हणून तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. नमुना थंड पेटीतून न्यायचा असतो. सहा तासांत तपासणी सुरू झाली तर उत्तम, चोवीस तासांपलीकडे तर नकोच. उरलेला क्लोरीन मात्र जागेवरच मोजावा लागतो, कारण तो तासागणिक कमी होतो. पाण्यात डीपीडीची (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी) गोळी टाकायची आणि गुलाबी रंग तक्त्याशी ताडून पाहायचा, काही मिनिटांचे काम. ते आमच्या दारात एकदाही झालेले नाही.

माझ्या वडिलांचे वय ७८. या तीन आठवड्यांत त्यांना दोनदा जुलाब झाले. शेजारच्या बाळालाही झाले. ते याच पाण्याने झाले हे मी सिद्ध करू शकत नाही. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो 'पाणी कुठले पिता?' हाच. तेव्हापासून मी पिण्याचे सगळे पाणी खळखळून उकळते. गल्लीत प्रत्येकाला हे जमेलच असे नाही, आणि उकळा असे तुम्ही कोणाला कळवलेलेही नाही. याचा मला सर्वांत जास्त राग आहे. शंका असेल त्या दिवशीच लोकांना सांगायला हवे. जिवाणूंच्या चाचणीला साधारण एक दिवस तरी लागतो आणि तोवर लोक तेच पाणी पीत असतात.

माझी तक्रार पुन्हा उघडावी. पाणी सुटताच पहिल्या धारेचा नमुना घ्यावा आणि अर्ध्या तासाने दुसरा, दोन्ही आमच्याच नळावर. क्लोरीन व गढूळपणा जागेवर मोजून आकडे लिहून द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नळाशी मुक्त (म्हणजे अजून खर्ची न पडलेला) क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जिवाणू, अजिबात आढळू नयेत. गल्लीच्या तोंडाशी गटारालगत वाहिनीचा जोड आहे आणि तिथली माती कोरड्या दिवसांतही ओली असते. ती जागा खोदून पाहावी. जोपर्यंत नळावरचा अहवाल चांगला येत नाही, तोपर्यंत टोकाच्या सर्व घरांना पाणी उकळून पिण्याची लेखी सूचना द्यावी आणि रोज पिण्यापुरता टँकर पाठवावा.

पहाटे पाणी येते तेव्हा मी रोज जागी असते. तुमच्या माणसाने कधीही यावे, फक्त पाणी सुटण्याआधी पाच मिनिटे पोहोचावे, म्हणजे पहिली धार हातची जाणार नाही. आधीच्या दोन्ही तक्रारींच्या प्रती आणि बादलीतल्या गाळाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली,
एक नळजोडणीधारक ग्राहक