चित्राची पाठ वाचणाऱ्या मुलीस

प्रिय तू,

नाव छापायचं नाही असं तू दोनदा बजावलंस, म्हणून मायना असा अर्धवट. दुकानाचंही नाव टाकत नाही. नागपूरच्या इतवारीतलं एक फ्रेमचं दुकान, एवढं पुरे.

आभार मी तुझे तोंडी मानले होते. तू "बरं" म्हणालीस आणि पट्टी कापायला वळलीस. माझं काही समाधान झालं नाही. त्यात तिसरं पुस्तक आल्यापासून वाचक विचारतात, कलाचोरांच्या मागे लागणारी ही ऑटिस्टिक तपासनीस तुम्हाला सुचली कशी, तिचं बघणं इतकं बारीक कसं? मी काहीतरी गोलगोल बोलते आणि घरी येऊन मलाच चोरी केल्यासारखं वाटतं. चोऱ्यांवर पोट भरणाऱ्या बाईला हे शोभत नाही. म्हणून हे चारचौघांत.

आपली गाठ पडली ती बाबांच्या खोलीतल्या निसर्गचित्रामुळे. फ्रेमला वाळवी लागली होती. मी चित्र काउंटरवर सरळ ठेवलं, तू त्याच्याकडे धड न बघता ते पालथं घातलंस. मला रागच आला. तू म्हणालीस, "काकू, लोक चित्राचं तोंड बघतात. आम्हाला पाठ बघावी लागते." मागच्या पुठ्ठ्यावर जुन्या फ्रेमवाल्याची पिवळी पडलेली चिठ्ठी होती, तिच्यावर छापलेलं 'नागपूर, म. प्र.' मी हसून म्हटलं, छापणाऱ्याची चूक दिसते. तू हसली नाहीस. "चूक नाही. 1950 पासून 1956 च्या ऑक्टोबरपर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं. त्याआधीचं असतं तर सी. पी., म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, लिहिलं असतं. म्हणजे फ्रेम त्या सहा-सात वर्षांतली." आयुष्य नागपुरात गेलं, शाळेत हा इतिहास शिकले, आणि माझ्याच घरच्या भिंतीवर टांगलेली तारीख मला वाचता आली नव्हती.

त्याच आठवड्यात मी तुला माझ्या अर्धवट कादंबरीबद्दल सांगितलं. नायिका ऑटिस्टिक आहे म्हटल्यावर तू खिळे मोजता मोजता म्हणालीस, "मी पण आहे. सत्ताविसाव्या वर्षी कळलं. द्या, वाचते." मागून तुझे बाबा म्हणाले, "बोलून राहिली म्हणजे तुम्ही आवडले तिले, मॅडम." तू म्हणालीस, "असं काही नाही. मला चित्रांच्या चोरीत इंटरेस्ट आहे."

हस्तलिखित परत आलं ते 43 चिठ्ठ्या लावून. बटर पेपरच्या बारीक पट्ट्या, पेन्सिलीने लिहिलेल्या, शाई पानाला लागू नये म्हणून. काही अजून जपून ठेवल्या आहेत. मी लिहिलं होतं, 'तिचा मेंदू संगणकासारखा चालत होता.' तुझी चिठ्ठी: 'कोणता संगणक? आमच्या दुकानातला सारखा बंद पडतो.' मी लिहिलं होतं, 'तिला भावना समजत नसत.' चिठ्ठी: 'कोणाच्या? माझ्या मला समजतात. तुमच्या मला सांगाव्या लागतात. पण माझ्या तुम्हाला न सांगता समजतात का?' ही चिठ्ठी वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. पुढे कळलं की डेमियन मिल्टन नावाच्या, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 साली हेच मांडलं होतं: न समजण्याची अडचण एका बाजूची नसते, दोघांनाही एकमेकांचं कळत नाही, आणि दोष मात्र एकाच्याच खात्यावर लिहिला जातो. तू त्याला वाचलेलं नव्हतंस. तुला शाळेत सगळे 'शिष्ट' म्हणायचे, तुला तेवढं पुरेसं होतं.

'स्वमग्न' या शब्दाचं तर तू पार सालपट काढलंस. 'स्व मध्ये कुठे मग्न? मी पट्टीच्या सांध्यात मग्न असते.' मूळ 'ऑटिझम' शब्दाची गंमत अशी की तोही 'स्वतः' या ग्रीक शब्दावरूनच आलेला. ब्लॉयलर या डॉक्टरने तो 1911 च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला. मग लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 1943 साली 11 ऑटिस्टिक मुलांवर निबंध लिहिला, त्यात मुली फक्त तीन. पुढे वर्षानुवर्षं डॉक्टरही मुलगेच शोधत राहिले, आणि कोपऱ्यात शहाण्यासारख्या बसलेल्या मुली सुटून गेल्या. मराठीने तर 'स्व'च्या पुढे 'मग्न'ही जोडलं. पुस्तकात मी सगळीकडे 'ऑटिस्टिक' ठेवलं ते तुझ्यामुळे. एका परिचिताने विचारलं, चांगला मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला? मी त्यांना तुझी चिठ्ठी दाखवली. त्यांना पटलं नाही. असो.

सगळ्यात मोठी चूक पान 77 वर होती. 1914 सालचं म्हणून विकायला आलेलं चित्र माझी नायिका दहा फुटांवरून बघते आणि ओरडते, "टायटॅनियम व्हाइट! हा पांढरा तेव्हा नव्हताच!" तुझी चिठ्ठी: 'पांढरा पांढरा दिसतो. डोळ्यांनी टायटॅनियम कळत नाही. खोटं आहे.' मी वाद घातला. जर्मनीत अशी खरी केस झाली होती ना! तू म्हणालीस, मग नीट वाचा. मी वाचली. बनावट चित्रं काढणाऱ्या वोल्फगांग बेल्ट्राकीने काम्पेनडोंक या चित्रकाराच्या नावावर खपवलेलं 1914 चं चित्र टायटॅनियमनेच उघडं पाडलं, पण ते प्रयोगशाळेत. गंमत म्हणजे त्याने वापरलेल्या ट्यूबवर झिंक व्हाइटच लिहिलेलं होतं, आत टायटॅनियम मिसळलेला होता. त्याच्या चित्रांबद्दल शंका यायला आणखी एक कारण होतं: चित्रांच्या पाठीवर चिकटवलेली फ्लेख्टहाइम या जर्मन कलाव्यापाऱ्याच्या संग्रहाची लेबलं. ती खोटी होती. 2011 साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. मी हे धावत येऊन तुला सांगितलं. तू म्हणालीस, "पाठ." एवढंच.

तिथून माझी नायिका बदलली. तोपर्यंत ती झटपट होती, एक नजर टाकली की गुन्हेगार सापडला. तू तिला सावकाश केलंस. ती चित्र आधी पालथं घालते. चुका, म्हणजे बारीक खिळे, बघते, त्यांच्या गंजाचा डाग कापडावर उतरलाय की नाही बघते, कारण जुन्या चित्राला कालच्या चुका मारल्या असतील तर विचारायला हवं. (तू माझ्या लेखनातल्या चुका काढल्यास आणि बाबांच्या चित्राला नव्या चुका ठोकल्यास, दोन्ही एकाच दुपारी. हा विनोद मी तुला सांगितला तेव्हा तू म्हणालीस, "कळला." हसली नाहीस, पण संध्याकाळी तुझ्या बाबांना सांगितलास म्हणे.)

दुसऱ्या पुस्तकातला उलगडाही तुझाच. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मी खोट्या चित्रामागे 'नागपूर, महाराष्ट्र' असं लेबल लावून 1954 साल दाखवणार होते. तू म्हणालीस, इतका बावळट चोर असता तर तुमच्या बाईची गरजच काय? त्याला म. प्र. बरोबर लिहू द्या. मग तू दुकानातलं जुनं बिलबुक काढलंस. आणे, पै. आणि दशमान नाणी आली 1 एप्रिल 1957 ला. चोराने लेबल अचूक केलं, कागद जुना मिळवला, पण 1954 च्या पावतीवर रक्कम लिहिली 112 रुपये 50 नये पैसे. लिहायला हवं होतं 112 रुपये 8 आणे. वाचकांची सगळ्यात जास्त पत्रं मला याच पावतीवर आली आहेत.

आवाजाचं प्रकरणही सांगायलाच हवं. मला वाटायचं, ऑटिस्टिक म्हणजे आवाज नको. म्हणून नायिकेला मी मारबतीच्या, म्हणजे पोळ्यानंतर नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत कान झाकून पळवलं होतं. तुझी चिठ्ठी: 'मी दरवर्षी मावशीच्या गच्चीवरून मारबत बघते. काळी येणार, पिवळी येणार, बडगे येणार, लोक घेऊन जा गे मारबत ओरडणार. सगळं माहीत असतं. मग त्रास कसला?' कूलरचा घरघराटही तुला चालतो, तो सारखा एकसारखा असतो. त्रास होतो तो अवचित वाजणाऱ्या हॉर्नचा आणि जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा, जी सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. बाकीच्यांच्या ते लक्षातही येत नाही. तुला दिसतं, निदान डोकं दुखतं. डॉक्टरांच्या अमेरिकन नियमावलीत अशा संवेदनांचा उल्लेख ऑटिझमच्या निकषांत आला तो थेट 2013 साली! आता माझी तपासनीस चौकशी सुरू करण्याआधी उठून ट्यूबलाइट बंद करते. संशयिताला वाटतं, हा डाव आहे.

आणि तो अजब बंगला. नागपूरकर लहानपणी एकदा जातो आणि पुढे पाहुण्यांना दाखवायलाच जातो. 1863 सालचं हे संग्रहालय मी तासाभरात उरकायची. तू दोन दालनांना तीन तास लावलेस, प्रत्येक पाटी वाचलीस. बाहेर पडल्यावर मी तुला श्रीपुरंथनच्या नटराजाची गोष्ट सांगितली: तमिळनाडूतल्या देवळातून चोरलेला, 2008 मध्ये कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय कलादालनाने 50 लाख अमेरिकन डॉलरला घेतलेला, 2014 मध्ये परत आलेला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत त्या देवळातल्या मूर्तीचे जुने फोटो जपून ठेवलेले होते, ते विकलेल्या मूर्तीशी ताडून बघता आले म्हणून ओळख पटली. मला यात चोर महत्त्वाचा वाटला होता. तू विचारलंस, "ते फोटो फाईलला कोणी लावले?" तिसऱ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्या प्रश्नावरच उभं आहे.

मानधनाचं विचारलं तेव्हा मला वाटलं, आता 'नको नको' होईल. तू बिलबुक ओढलंस. 'वाचन, तीन दुपारी. चिठ्ठ्या 43.' खाली रक्कम, खाली सही. फ्रेमचं बिल वेगळं. इतका स्वच्छ व्यवहार माझ्याशी आजवर कोणत्याच प्रकाशकाने केलेला नाही.

चौथ्याची पहिली सात प्रकरणं झाली आहेत. तू सांगितल्याप्रमाणे उजवीकडे समास रुंद सोडलाय आणि पानं स्टेपल केलेली नाहीत. पान 19 वर मला एक शंका आहे, पण ती आधी सांगत नाही. तुला सापडते का बघू. मंगळवारी साडेतीनला येते, जेवणानंतर दुकान रिकामं असतं तेव्हा. फोन करत नाही, मेसेज टाकते.

तुझी,
काकू