घर विकण्याआधी सोलर बसवताय? सभासदांसाठी सूचना

घर विकायला काढणाऱ्या सभासदांनी आधी गच्ची बघावी, मग सोलर. वॉटरप्रूफिंग न करता स्लॅबला भोकं पाडून स्टँड ठोकला, की कोल्हापूरच्या पावसात बोल्टच्या कडेनं पाणी झिरपतं. छताला पिवळा डाग दिसला, की गिऱ्हाईक सोलर विसरतं आणि भाव पाडतं. त्यापेक्षा स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभारा. ठोकळ्यांचं वजन वाऱ्याचा हिशेब करूनच ठरवा.

१ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. अर्जाआधी वीजबिलावरचं नाव तपासा. अजून आजोबांच्याच नावावर असेल, तर आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या.

विक्रीवेळी तोंडी ‘बिल शून्य येतं’ सांगून कुणी पैसे वाढवत नाही. सोलरआधीची आणि नंतरची १२-१२ महिन्यांची बिलं, नेट मीटरचा (महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना दिलेली वीज मोजणारं मीटर) करार, इन्व्हर्टरचं वॉरंटी कार्ड एका फाईलमध्ये ठेवा.

बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे जरूर लावा, ७५ वॉटऐवजी ३०-३५ वॉटमध्ये भागतं. पण ते घराच्या किमतीत धरू नका. जाताना आपण काढूनच नेतो!