आई-बाबा, वाळूत साठवलेल्या पाण्याबद्दल लिहितेय

प्रिय आई, बाबा,

पैसे टाकलेत, मिळाले की मेसेज करा. बाबा, आज तुमच्या कामाचं लिहितेय, फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून.

ऑफिसमधली मैत्रीण तिच्या गावी घेऊन गेली होती, इथे केनियातच मचाकोस भागात, नैरोबीच्या आग्नेयेला. कांबा लोकांचा मुलूख. पाऊस आटपाडीसारखाच बेभरवशाचा आणि नद्या पण तशाच, पूर आला की दोन दिवस लाल पाणी आणि मग वर्षभर नुसती वाळू. पण उतारांवर बघावं तिकडे पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि आई, त्यात चक्क तूर! इथे मक्याबरोबर तूर सगळेच लावतात.

इंग्रज अधिकाऱ्यांनी 1930 च्या दशकात या भागाची माती संपली म्हणून आशा सोडली होती म्हणे, आणि त्यानंतर 1990 पर्यंत माणसं पाचपटीहून जास्त झाली तरी जमीन बिघडायच्या ऐवजी सुधारली. हे ताली, म्हणजे उतारावर बांध, घालण्याचं काम बरंचसं बायकांच्या गटांनी केलं, कारण पुरुष नैरोबी-मोंबासाला कामाला, आपल्याकडचे सोनं-चांदी गाळायच्या गलाई कामाला बाहेर जातात ना तसे. या गटांना म्वेथ्या म्हणतात, सगळ्यांनी मिळून एकमेकांची कामं करायची, आपली इर्जिकच समजा.

आता मुख्य गोष्ट. हे लोक कोरड्या नदीत खडकापर्यंत खणून आडवी दगड-सिमेंटची भिंत घालतात. पूर आला की भिंतीमागे जड वाळू बसते, हलका गाळ वरून निघून जातो, आणि एकदोन चांगल्या पावसाळ्यांत वरपर्यंत वाळू भरते. आपल्याकडे बंधारा असा भरला तर वाया गेला म्हणतील, इथे तेव्हा कुठे तो तयार झाला म्हणायचा! वाळूच्या कणांमधल्या जागेत पाणी राहतं, साधारण 25 ते 40 टक्के, उन्हानं फारसं उडत नाही, डास होत नाहीत आणि गाळूनच येतं. मग हातपंप बसवायचा नाहीतर वाळूत खड्डा करून झिरा खणायचा. जोशुआ मुकुस्या नावाच्या इथल्याच माणसानं 1978 मध्ये उटूनी गावात गट करून असं काम सुरू केलं, दगड-वाळू गोळा करायला आणि खणायला गावकरीच. बाहेरून मदत आली पण नंतर, आणि मला वाटतं म्हणूनच ते टिकलं, नाहीतर आपल्याकडे योजनेचा बोर्ड तेवढा उरतो.

बाबा, वाळूचोर इथे पण आहेतच, नैरोबीत बांधकामं एवढी की ट्रकच्या ट्रक जातात. शेजारच्या मकुएनी काउंटीनं 2015 मध्ये वाळू उपशावर कायदाच केला. वाळू गेली की पाणी गेलं हे इथल्या म्हाताऱ्या बायकांना सांगावं लागत नाही, तुम्ही ग्रामसभेत बोलता तेव्हा मात्र सगळे चहा प्यायला उठतात.

सगळीकडे हे जमेल असं नाही हां. नदीत जाड वाळू येत असली पाहिजे आणि खडक वर पाहिजे, आपल्या काळ्या खडकातून वाळू मुळात कमीच सुटते. तरी पुलाच्या खालच्या अंगाला माणगंगेत किती हातांवर खडक लागतो ते तुम्ही नाहीतर धनगरवाड्यातले आजोबा सांगू शकाल का? विचारून ठेवा, रविवारी फोन करते.

आई, गुडघ्याची गोळी जेवल्यावरच घे.

तुमची लेक