ग्रामसभेचा ग्रुप सर्वांसाठी खुला हवा

महोदय,

गावोगावी ग्रामपंचायतींचे व्हॉट्सॲप ग्रुप झाले आणि ग्रामसभेची सूचना नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला राहणाऱ्या मतदारापर्यंतही क्षणात पोहोचू लागली, हे स्वागतार्हच आहे. मात्र अनेक ग्रुपवर संदेश पाठवण्याची मुभा केवळ ॲडमिनला असते. त्यामुळे संवादासाठी सुरू झालेली सोय एकतर्फी सूचनाफलक होऊन बसते आणि पाणीपट्टीबद्दल शंका असलेल्या ग्रामस्थाला ती विचारायला जागा उरत नाही. (जेथे सर्वांना मुभा आहे, तेथे वाढदिवसाच्या शुभेच्छांत मूळ विषय वाहून जातो, हेही खरे.) कायद्यानुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा भरवण्यास आवश्यक किमान उपस्थितीसाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढे मतदार प्रत्यक्ष हजर असावे लागतात, तेवढेही न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मोबाइलवर अंगठा दाखवणारे शेकडो असले, तरी ठरावाला त्यांचा उपयोग नाही. तेव्हा ग्रामपंचायतींनी सभेपूर्वी किमान दोन दिवस ग्रुप खुला ठेवावा, आलेले प्रश्न सभेत वाचून दाखवावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत.

– एक ग्रामस्थ, ता. जुन्नर, जि. पुणे