"मास्तर, गाडी कधी हलणार?"

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका गृहस्थांनी लिहिलं होतं की, गणपतीला गावी जाताना वाहतूक कोंडीत अडकलात तर डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या आणि नामस्मरण करा. सल्ला वाईट नाही. फक्त स्टिअरिंगवरच्या माणसाने डोळे मिटू नयेत, एवढीच विनंती. पुढची गाडी दहा फूट सरकली आणि तुम्ही जपातच राहिलात, तर मागचे पन्नास जण हॉर्न देऊन समाधी मोडतात आणि तेवढ्यात त्या दहा फुटांत डावीकडून कोणीतरी नाक घालतोच.

मी एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. २०२३ साली निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं मुंबईच्या रातराणीवर गेली, त्यामुळे मुंबई-गोवा महामार्गावर पळस्प्यापासून चिपळूणपर्यंत मी किती रात्री उभ्या गाडीत काढल्या याचा हिशेब नाही. कोंडीत चालकाला निदान क्लच-ब्रेकचा तरी विरंगुळा असतो. वाहकाची तिकिटं फाडून झालेली, तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरून झालेलं. चव्वेचाळीस सीटवरची माणसं आणि गणपतीच्या दिवसांत मधल्या वाटेत पिशव्यांवर बसलेली आणखी दहा-पंधरा, सगळी त्याच्याकडे बघत एकच विचारतात, "मास्तर, गाडी कधी हलणार?"

नोकरीच्या सुरुवातीला मी सांगायचो, "हलेल, पाच मिनिटांत." एकदा कोलाडच्या अलीकडे हेच तीनदा सांगून झाल्यावर मागच्या सीटवरून एक म्हातारबा म्हणाले, "मास्तरांनु, तुमची पाच मिन्टं माज्या घड्याळात नाय." गाडी हसली, मी ओशाळलो. त्यानंतर पाच मिनिटं हा शब्द मी तोंडातून काढला नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटं जागची हलली नाही, की चालकाला सांगून बॅटरी घेऊन खाली उतरायचो आणि रांगेच्या कडेने पुढे चालत जायचो. कधी अर्धा किलोमीटर, कधी त्याहून जास्त. परत येऊन पायरीवर उभा राहून मोठ्याने सांगायचो, "पुढे ट्रेलर बंद पडलाय, आडवा आहे, क्रेन अजून आलेली नाही. दोन तास धरून चाला."

मला वाटायचं, दोन तास म्हटल्यावर लोक अंगावर येतील. पण व्हायचं उलटंच. कोणीतरी "अरे देवा" म्हणायचं, मग चपला निघायच्या, डबे उघडायचे, पोरं आईच्या मांडीवर आडवी व्हायची. मघापासून खिडकीतून मान बाहेर काढून बसलेला माणूस मान आत घ्यायचा. दोन तास आहेत म्हटल्यावर माणूस ते कसे काढायचे हे ठरवतो. गाडी कधीही हलेल म्हटलं, की ती हलेपर्यंत तो सीटच्या टोकावर बसून राहतो आणि त्याचं डोकं तापत जातं.

याचा मोठा पुरावा चिपळूणजवळच्या परशुराम घाटात पाहायला मिळाला. २०२२ च्या उन्हाळ्यात डोंगर तोडायच्या कामासाठी घाट महिनाभर रोज दुपारचा बंद ठेवत होते, संध्याकाळी पाचपर्यंत. ऊन असं की पत्र्याला हात लागत नव्हता. पण वेळ आधीपासून जाहीर होती. कोणी त्या हिशेबाने निघालं, कोणी छोट्या गाड्या चिरणी-आंबडसवरून नेल्या, आणि जे अडकले ते सावली धरून बसले. शिवीगाळ म्हणावी तशी मला तिथे ऐकू आली नाही. तीच माणसं सणाच्या रात्री कोंडीत असती तर एव्हाना हमरीतुमरीवर आली असती.

आता माझी चूक सांगतो. इंदापूर ते माणगाव हा पट्टा ज्यांनी चतुर्थीच्या आदल्या रात्री पाहिलाय, त्यांना वर्णनाची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की रुंद रस्ता संपून गाड्या गावातल्या जुन्या दुपदरी रस्त्यात शिरतात. दोन्ही अंगाला बाजारपेठ, मधेच उजवीकडे वळणाऱ्या गाड्या, आणि माणगावात ताम्हिणीवरून निजामपूरमार्गे उतरणारी पुण्याची रहदारी येऊन मिळते. चार पदरांचं पाणी दोन पदरांच्या नळीत ओतल्यावर ते तुंबणारच. तरी सगळे एका रांगेत राहिले तर मुंगीच्या पावलांनी का होईना, रांग सरकते. पण कोणालातरी सुचतं, की समोरून गाडी दिसत नाही, उजवी बाजू मोकळी आहे. तो बाहेर पडतो, त्याच्यामागे चाळीस पडतात. हीच ती तिसरी लाईन.

अशाच एका रात्री आमच्या पुढून गाड्या सर्रास तिसऱ्या लाईनीत निघत होत्या. प्रवासी ओरडत होते, "मास्तर, आपण काय म्हातारे झालो काय? घाला ना!" आणि मी, ज्याने शांत बसायचं, त्यानेच चालकाला म्हटलं, "घाल उजवीकडून, होईल ते होईल." चालक माझ्याहून शहाणा होता, पण थकला होता. त्याने घातली. तीनशे पावलं गेलो असू, समोरून दिवे आले. मुंबईकडे जाणारी दुसरी एसटी. तिच्यामागे ट्रक, ट्रकमागे दुधाची गाडी. आम्हाला मागे जायला जागा नाही, कारण आमच्या शेपटाला चाळीस जण. त्यांना कडेला घ्यायला जागा नाही, कारण तिकडे गटार. दोन लाल गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या, आणि आम्ही दोन वाहक हेडलाइटच्या उजेडात उतरून कोणाची चूक यावर वाद घालतोय. चूक माझी होती हे दोघांनाही माहीत होतं, तरी मी दहा मिनिटं भांडलो. शेवटी शेपटाकडच्या गाड्या एकेक करून मागे सरकवत रस्ता उघडला, तोवर तीन तास गेले. आणि गंमत अशी, की सरळ रांगेत आमच्या मागे असलेली एक पांढरी जीप आधीच पुढे निघून गेली होती. टपावर केळीचे घड बांधले होते, म्हणून लक्षात राहिली.

तेव्हापासून आमच्या गाडीने रांग सोडली नाही. इंजिन मात्र बंद करायचं. डिझेल वाचतं हा भाग आहेच, पण इंजिन चालू असलं की त्या आवाजावरून एकमेकांना ऐकू जावं म्हणून सगळे ओरडूनच बोलतात. ओरडून बोलणाऱ्या चाळीस माणसांत भांडण लागायला कितीसा वेळ लागतो? इंजिन थांबलं की बाहेरची रातकिड्यांची किरकिर ऐकू येते आणि माणसांचे आवाज आपोआप खाली येतात. एकदा गाडीत आमच्या तालुक्यातलं एक जाखडी नाचाचं मंडळ होतं. रात्री दोनला त्यांनी ढोलकी काढून गण धरला. पुढच्या सीटवर तान्हं मूल नुकतं झोपलेलं, मी धावत मागे गेलो. पोरांनी ढोलकीवर टॉवेल टाकला आणि गवळण हळू आवाजात पुरी केली. मूल उठलं नाही. त्याची आजीच मागे जाऊन बसली.

पण संपादक महाशय, ज्या कारणासाठी पत्र लिहायला बसलो ते वेगळंच आहे. एका वर्षी खिडकीजवळच्या एक आजी घामाने डबडबल्या होत्या. मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी ओठसुद्धा लावले नाहीत. म्हणाल्या, "नको रे बाला, मग जायाला लागलं तर कुठं जाऊ?" परळहून निघाल्यापासून त्यांनी पाणी प्यायलं नव्हतं. मग मी गाडीत नीट पाहिलं. जवळजवळ सगळ्या बायकांच्या बाटल्या भरलेल्या होत्या. पुरुष दर अर्ध्या तासाने उतरून अंधारात उभे राहून येत होते आणि परत येऊन ताजेतवाने होऊन बायकोला म्हणत होते, "चिडचिड काय करतेस?"

त्या रात्री गाडीतल्या तीन मावशींनी मिळून साडी आडवी धरली, मी बॅटरी दुसरीकडे तोंड करून लावली, आणि रस्त्याकडेच्या झाडीआड एकेक जण जाऊन आली. पावसाळ्यात, साप-किरडू असताना. आजी सगळ्यांत शेवटी गेल्या. परत आल्यावर अर्धी बाटली एका दमात संपवली आणि माणगाव येईपर्यंत मला आपल्या मुलीच्या सासरची गोष्ट सांगत बसल्या. श्वासाचे व्यायाम सुचवणाऱ्या गृहस्थांनी याचा विचार करावा. ओटीपोट तटतटलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्या म्हणून कसं सांगायचं?

सणाला महामार्गावर सुविधा केंद्रं उभारतात, चहा-पाणी, प्रथमोपचार असतात, ते चांगलंच आहे. पण कोंडी काही केंद्रापाशी येऊन थांबत नाही. जिथे दरवर्षी गाड्या तुंबतात त्या जागा पोरासोरांनाही पाठ आहेत. तिथे त्या तीन-चार रात्रींपुरती, दिवा आणि पाणी असलेली, बायकांसाठीची फिरती स्वच्छतागृहं रांगेच्या कडेने उभी करा. आणि कर्णा घेतलेला एक माणूस मोटारसायकलवरून रांगेच्या कडेने फिरवा. पुढे काय झालंय आणि किती वेळ लागेल, एवढंच त्याने सांगायचं. मी जे पायी करत होतो ते तो दुचाकीवर करील.

रस्ता कधी पुरा होणार, हे मी विचारत नाही. काम २०११ ला सुरू झालं तेव्हा वाटलं होतं, चौपदरी रस्त्यावर निदान काही वर्षं नोकरी होईल. मी निवृत्त झालो तेव्हाही तो पुरा झाला नव्हता. करायचं मनात आलं की होतं, हेही पाहिलंय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला. राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई या आमच्या दोन गाड्या त्यात गेल्या, चालक-वाहकांसह. नवा पूल पुढच्या जूनमध्ये वापरात आला. त्या पुलावरून जाताना आमच्या गाडीत कितीही गोंधळ असला तरी मी दोन मिनिटं कोणाला उत्तर देत नसे.

यंदा मुलगा नालासोपाऱ्याहून स्वतःची गाडी घेऊन येतोय. त्याला सांगितलंय, चतुर्थीच्या सकाळी पोचायचंच असा हट्ट धरून निघू नको, आपल्याकडे भटजीसुद्धा वाडीतली सगळी घरं करत दुपारी येतात. रांग सोडू नको. सुनेला विचारून थांब, तिला विचारावं लागायच्या आधी थांब. आणि घरच्यांनाही ताकीद दिलीय की दर अर्ध्या तासाने "कुठपर्यंत आलास?" म्हणून फोन करायचा नाही. गाडी चालवणाऱ्याचं डोकं त्यानेच जास्त फिरतं.

त्याच्या आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वडखळला पोचल्यावर एक फोन करील ना?"

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी