एकट्या प्रेसिडेंटलाच कशाला धरता?

संपादक महोदय,
आमच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर सकाळी सकाळी अमेरिकेतले दोन पक्ष एकत्र येऊन काम का करत नाहीत यावरून जाम वाद रंगतो, ज्यांची मुलं तिकडे आहेत ते तर हिरिरीने, एक म्हणतो प्रेसिडेंटच हेकेखोर, दुसरा म्हणतो विरोधकच आडमुठे. अहो, तिकडे सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बहुतेक बिलांवरची चर्चा संपवायलाच 100 पैकी 60 मतं लागतात, म्हणजे नुसत्या बहुमतावर भागत नाही, समोरच्याला चहाला बोलवावंच लागतं. 1983 मध्ये रिपब्लिकन प्रेसिडेंट रीगन आणि खालच्या सभागृहाचे डेमोक्रॅट स्पीकर टिप ओनील, पक्ष वेगळे, भांडणं रोजची, पण सोशल सिक्युरिटी ही सरकारी पेन्शन योजना वाचवायला एकत्र आलेच ना! नंतर मात्र 2010 च्या ओबामांच्या आरोग्य कायद्याला रिपब्लिकनांचं एकही मत नाही, 2017 मध्ये ट्रम्पच्या टॅक्स कायद्याला डेमोक्रॅट्सचं एकही नाही, फिट्टंफाट! बायडेनच्या काळात 2021 ला रस्ते-पुलांच्या बिलाला 19 रिपब्लिकन सिनेटरांनी मत दिलं, त्याचं कट्ट्यावर कुणाला काहीच नाही (घोडबंदरचे खड्डे बघता मला तर हेवाच वाटला). पुढाकार प्रेसिडेंटने घ्यावा हे मान्य, पण कुणी खासदार पलीकडच्यांशी हातमिळवणी करायला गेला की त्याच्याच पक्षातले प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या पक्षाच्या निवडणुकीत, त्याचं तिकीट कापायला टपलेले असतात, त्याबद्दल कोण बोलणार?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे