मळ्यातला मांडव

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, हे मी तुझ्या आईला विचारलं नाही. तीही बोलली नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलो.

लग्न मळ्यात असं करू म्हणून तू पाठवलेला फोटो पुन्हा पाहिला. हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या, झाडांना टांगलेले दिवे. देखणं आहे. पण आपली काळी जमीन वैशाखात भेगाळते, त्यात खुर्चीचा पाय रुततो. ते होईल. मुरूम टाकू, वर सतरंज्या घालू. मळ्यात लग्न करायला माझी ना नाही, हे आधी नीट वाच. भाऊबंद म्हणतील, नानाला कार्यालयाचं भाडं जड झालं. म्हणोत. आमची लग्नं मोकळ्यावरच झाली. मेढी रोवायच्या, वर आंब्याजांभळीचे डहाळे टाकायचे, की झाला मांडव. पाहुणे निंबाखाली बाजांवर पसरलेले, आणि धाकटा बापू बर्फाच्या लादीवर बसून राहिलेला. त्याला उठवायला जिजीला काठी घ्यावी लागली होती.

मला धास्ती आहे ती फक्त वाऱ्याची.

तू म्हणालीस, ऊन टाळायला गोरज मुहूर्त धरू. बरोबर आहे. ४५ अंशांत साताऱ्याची मंडळी दुपारी बसवली तर अक्षतांआधी सलाईन लावावं लागेल. पण पोरी, आपल्याकडं दिवसभर तापलं की चारनंतरच आभाळ फिरतं. सातपुड्याकडून काळं येतं, आधी धूळ, मग वारा, मग चार टपोरे थेंब. म्हणजे उन्हापासून पळालीस तर नेमकी वादळाच्या वेळेला येतेस. मार्गशीर्षात असतं तर भरताची वांगीही मिळाली असती. पण तुझी सुट्टी मे महिन्यातच, हे आता मी पाठ केलंय.

मांडववाल्याशी बोललो. बांबूचा नको, लोखंडी सांगाड्याचा घे. कनाती चारी बाजूंनी गच्च बांधू द्यायच्या नाहीत. वारा आत शिरला की त्याला बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर तो छतच उचलतो. जनरेटर लांब, वायरी जमिनीवरून नकोत. डीजे रात्री १० ला बंद, हे निखिलरावांच्या मित्रांना तूच सांग. माझं ऐकणार नाहीत.

वाऱ्याचं पुरे. विहिरीवरच्या पिंपळाला आग्यामोहोळ आहे, म्हणून मांडव तिकडं नको, गोठ्याच्या अंगाला घेऊ. फटाके तर नकोतच. गोठ्याकडच्या ठिबकच्या नळ्या मी आठवडाभर आधी गुंडाळून ठेवीन. जेवण वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. मांडे करायला फैजपूरच्या बायका येतील, त्यांना खापरासाठी आडोसा हवा. तळणाच्या कढयांनाही हवा, कारण झोतानं जाळ पसरला तर शेजारी वाळला कडबा आहे. बघ, आलोच परत वाऱ्यावर.

खरं सांगू का, मृगात लावलेली केळीची बाग तेव्हा घडांनी लदलेली असेल. कापणी अर्धी झालेली, अर्धी उभी. पश्चिमेला शेवरी लावलीय, पण तिच्यानं किती अडणार? मांडव पडला तर दुसरा उभारता येतो. ही बाग मात्र तुझ्या लग्नाचाच पैसा आहे, आणि दोन्ही एकाच वाऱ्याच्या तोंडावर. हे तुला सांगायचं नव्हतं. तुझ्या आईनंही सांगू नका म्हटलं होतं.

तू सहावीत होतीस त्या साली पाच मिनिटांत बाग झोपली होती. केळीचा खांब म्हणजे नुसती पाण्यानं भरलेली सोपटं, घडाचं ओझं असताना झोत बसला की मधूनच मोडतो. मी बांधावर बसून राहिलो. तू दप्तर टाकून ओळीनं पडलेली झाडं मोजलीस, वहीत मांडलीस, आणि पंचनाम्याला आलेल्या माणसाला खणखणीत वाचून दाखवलीस. त्यानं विचारलं, कितवीत आहे? मी आठवी सांगितलं. दोन इयत्ता का वाढवल्या, देव जाणे. ती वही अजून कपाटात आहे. आता तू तिकडं पुलांचे हिशेब करतेस, आणि मी तुला खुंट किती खोल ठोकायचे ते शिकवतोय. रागावू नकोस. खुंट मात्र अडीच फूट हवेत.

बाळूदादाचं पॅकहाऊस पक्क्या भिंतींचं आहे. त्या दिवशी रिकामं ठेव म्हणून सांगितलंय. आभाळ भरलंच तर सगळ्यांनी तिकडं चालत जायचं आणि मंगलाष्टका तिथं. केळीच्या क्रेटांमध्ये फोटो कसे येतील ते मला विचारू नकोस.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नक्की ये. निंबाला झोका बांधतोय. यंदा तुला 'माहेरी आली' म्हणायचं की नाही, यावर आई आणि जिजी आत्ताच भांडतायत. आलीस की संध्याकाळी पाच वाजता मळ्यात उभी राहा आणि स्वतः बघ. मग तू म्हणशील तसं.

मांडववाला विसार मागतोय, तेव्हा पाहुण्यांचा आकडा कळव. निखिलरावांच्या आईंना तूप चालतं का, तेही विचार. भुसावळच्या आत्याला मळ्याचं इतक्यात बोलू नकोस, मी सांगतो.

तुझा,
नाना